संगीत नाट्य स्पर्धेच्या निकालात आमच्या मंडळावर अन्याय झाला असं वाटतंय. पुढच्या वर्षी बहिष्कार टाकावा का?

तुमच्या प्रश्नातली हकीकत थोडक्यात अशी: परभणीकडचं तुमचं हौशी मंडळ. स्थानिक संगीत नाट्य स्पर्धेत तुम्ही ‘सौभद्र’ केलंत. सुभद्रा करणाऱ्या मुलीला प्रेक्षकांनी वन्समोअर दिला, पण गायनाचं पहिलं पारितोषिक दुसऱ्या संस्थेच्या मुलीला गेलं. नंतर कळलं की तीन परीक्षकांपैकी एक जण त्याच मुलीचे गुरू आहेत. आता मंडळात ‘सेटिंग होतं’ एवढा एकच विषय चालू आहे.

मी लातूरचा. हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो, आणि छोट्या स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसलोय. माझं मत आधीच सांगतो. बहिष्कार टाकू नका. निकाल बदला म्हणून मागे लागू नका. पण गुरू परीक्षकाच्या खुर्चीत बसले होते ही गोष्ट मात्र अजिबात सोडू नका. ही तक्रार आणि ‘आमचीच मुलगी चांगली गायली’ हे म्हणणं एकत्र केलंत, की तुमची खरी तक्रारसुद्धा रडीचा डाव ठरते.

वन्समोअरचं आधी बोलू. तो मिळाला याचा आनंद आयुष्यभर जपावा असाच आहे. पण स्पर्धेच्या नाट्यगृहात बसलेले लोक निम्म्याहून जास्त कुणाचे तरी काका, मावशी, वर्गमित्र असतात. शिवाय कुणाचं गाणं सरस हे टाळ्यांवरून ठरत असतं, तर ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’बद्दल, म्हणजे दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या त्या प्रयोगाबद्दल, वाद उरलाच नसता. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात दोन नामवंत गायक-नट, बालगंधर्वांची नायिका भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा नायक धैर्यधर, एकाच प्रयोगात उभे राहिले. तिथे परीक्षक नव्हते, पारितोषिक नव्हतं, तरी त्या रात्री बाजी कुणी मारली यावर रसिकांत दोन तट पडलेच. गाण्याच्या बाबतीत जाणकारांचंही एकमत होत नाही. म्हणून नुसत्या निकालावरून कुणाची नियत ठरवू नये.

आता हे समजून घ्या की कुणीही लबाडी न करता अन्यायासारखा दिसणारा निकाल लागू शकतो. तीन परीक्षक, प्रत्येकाकडे शंभर गुण. पहिल्या परीक्षकाने तुमच्या मुलीला ७४ दिले, समोरच्या मुलीला ७१. दुसऱ्याने ७५ आणि ७०. म्हणजे दोघांच्या मते तुमची मुलगी पहिली. तिसऱ्याचा हात मात्र मोकळा, आवडलं तर भरभरून आणि नाही आवडलं तर एकदम खाली. त्याने तुमच्या मुलीला ५८ दिले, समोरच्या मुलीला ८०. बेरीज करा: तुमची २०७, समोरची २२१. तिघांपैकी दोघांनी जिला पहिलं ठरवलं ती हरली. इथे फसवणूक कुणीच केलेली नाही. दोष नुसत्या बेरजेचा आहे, कारण जो परीक्षक गुणांत जास्त अंतर ठेवतो त्याचं मत आपोआप जड होतं. यावर उपाय आहे. गुणांऐवजी प्रत्येक परीक्षकाकडून क्रम घ्यायचे, किंवा निकाल जाहीर करण्याआधी तिघांनी एकत्र बसून मोठी तफावत असलेल्या नावांवर चर्चा करायची. मी जिथे परीक्षक असतो तिथे दुसऱ्या पद्धतीचा आग्रह धरतो. अर्धा तास जास्त जातो, आयोजक घड्याळाकडे बघायला लागतात, पण निकालावर सही करताना हात अडखळत नाही.

दुसरी गोष्ट प्रयोगाच्या क्रमाची. तुमचं नाटक पहिल्याच दिवशी होतं असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या दिवशी परीक्षक हात राखून गुण देतात, पुढे याहून चांगलं आलं तर जागा हवी म्हणून. हा फक्त आपल्याकडचा अनुभव नाही. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला, त्यातही उशिरा वाजवणाऱ्यांना फायदा होत असल्याचं दिसलं. तिथले परीक्षक जगभरातले नावाजलेले वादक असतात. तेव्हा प्रयोगांच्या तारखा सगळ्या संस्थांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवल्या जाव्यात, एवढं तरी मागता येतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते, आणि ती आपल्या मराठवाड्याची आहे. आपल्याकडची गाणारी लेकरं बहुतेक करून हरिनाम सप्त्यातून, भजनी मंडळातून येतात. टाळ-मृदंगाच्या वर आवाज न्यायचा, माइक असो नसो शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा, ही त्यांची तालीम. संगीत नाटकाच्या मोठ्या कंपन्या पुणे-सांगली-मुंबईकडच्या. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या भागात नाट्यपदाची ती घरंदाज शिकवणी गावोगाव रुजली नाही. बाहेरून आलेला परीक्षक त्या शिकवणीचे कान घेऊन बसतो. त्याला आपल्या मुलीचा खुला आवाज ‘चढा’ वाटतो, गद्यातला आपला हेल ‘अशुद्ध’ वाटतो. हेल काढला म्हणून शेऱ्यात ‘भाषेवर मेहनत हवी’ असं लिहिलेलं मी वाचलंय. सुभद्रेने पुण्याच्याच मराठीत रडावं असा नियम कुठल्याही नियमावलीत नाही. हा पक्षपात कुणी ठरवून करत नाही, म्हणून तो लवकर सापडतही नाही. तीनपैकी एक तरी परीक्षक भजन-कीर्तनाचं गाणं जाणणारा असावा, ही मागणी मी प्रत्येक आयोजकाकडे करतो. क्वचितच ऐकली जाते, तरी करत राहणार.

साथीचाही यात वाटा असतो, आणि माझ्या कामाचाच विषय असल्याने थोडं बोलतो. ऑर्गन वाजवणारे आपल्याकडे मोजके. मंडळं महिनाभर पेटीवर तालीम करतात आणि ऑर्गन येतो तो थेट प्रयोगाच्या दुपारी. त्याचा सूर पेटीशी तंतोतंत जुळेलच असं नाही, तबला त्याप्रमाणे पुन्हा लावावा लागतो, आणि मुलगी पहिलं पद घाबरत गाते. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत गायनासाठी वेगळं रौप्यपदक, अभिनयासाठी वेगळं, शिवाय संगीत दिग्दर्शन, ऑर्गनची साथ, तबल्याची साथ यांची स्वतंत्र पारितोषिकं असतात. त्यामुळे कशाचे गुण कुठे गेले ते कळतं. आपल्या स्थानिक स्पर्धांत मात्र बऱ्याचदा ‘उत्कृष्ट कलाकार’ असं एकच पारितोषिक ठेवतात. मग ‘एकच प्याला’तला गद्य तळीराम आणि गाणारी सिंधू एकाच रांगेत उभे राहतात. त्यांची तुलना कुठल्या मापाने करायची, हे मला परीक्षक म्हणूनही सांगता येणार नाही.

आता गुरूंचं. आपलं सांस्कृतिक वर्तुळ लहान आहे. चांगलं गाणं कळणारा माणूस जिल्ह्यात कुणाचा ना कुणाचा गुरू असतोच, त्यामुळे ओळख असणं हा गुन्हा नाही. पण ज्या मुलीला आपण वर्षानुवर्षं शिकवलं तिला गुण देताना बाजूला व्हायला हवं होतं, आणि ते नातं स्पर्धेआधी जाहीर व्हायला हवं होतं. त्यांनी कदाचित प्रामाणिकपणे गुण दिले असतील. उलट स्वतःच्या शिष्येला हात आखडूनही दिले असतील, तसे गुरूही मी पाहिलेत. पण गुणपत्रक बंद आहे, म्हणून हे ना तुम्हाला कळणार ना त्या मुलीला. तिच्या पारितोषिकावर विनाकारण डाग लागला, हे नुकसान तिचंसुद्धा आहे.

म्हणून तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या मुलीबद्दल जे चाललंय ते आजच थांबवा. तिथली तुम्ही मला कळवलेली दोन वाक्यं वाचून मला वाईट वाटलं. तीही कुणाच्या तरी घरची लेक आहे, तुमच्या सुभद्रेइतकीच रात्री जागून तिने पदं बसवली असतील. आणि तुमच्या मुलीशी एकदा निवांत बसा. तिला ‘तुझ्यावर अन्याय झाला’ एवढंच सगळीकडून ऐकू येत असेल तर ती गाण्यापासून दूर जाईल. ताना कुठे स्वच्छ आल्या, कुठे श्वास तुटला, शब्द कुठे गिळले गेले, हे तिला एखाद्या जाणत्याने सांगायला हवं. परीक्षकांचे लेखी शेरे मिळाले तर ते तिलाही दाखवा, बोचरे असले तरी.

बहिष्काराचं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगतो. एका गावात निकालावरून तीन संस्था चिडून बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी आयोजकांनी ‘प्रतिसाद नाही’ म्हणत संगीत विभागच बंद केला आणि फक्त एकांकिका ठेवल्या. तिथली गाणारी मुलं आता ऑर्केस्ट्रात जातात.

तेव्हा पत्र लिहा, तेही प्रवेशिका निघायच्या आधी. त्यात चारच मागण्या ठेवा: परीक्षकांची नावं आधी जाहीर करावीत आणि कुणाचं कुणाशी गुरू-शिष्याचं किंवा घरचं नातं असेल तर त्या कलाकारापुरते त्यांनी गुण देऊ नयेत, गायन आणि अभिनय यांची पारितोषिकं वेगळीच राहावीत, प्रयोगांच्या तारखा चिठ्ठीने ठरवाव्यात, निकालानंतर प्रत्येक संस्थेला तिची गुणपत्रकं आणि शेरे द्यावेत. यंदाच्या निकालाचा त्यात उल्लेखही नको. एकट्या तुमच्या मंडळाचं पत्र गेलं तर ते फाइलला लागेल. सगळ्या संस्थांना भेटा, आणि पहिली भेट जिंकलेल्या संस्थेची घ्या. त्यांची सही पत्रावर आली, तर आयोजकांना ‘हरलेल्यांची ओरड’ म्हणून ते बाजूला ठेवता येणार नाही.