गुंगीचं औषध, भूल आणि कंबर मोकळी करणारी गोळी: कशाला काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका ताईंच्या सासूबाईंची कंबर धरली, डॉक्टरांनी पेनकिलर आणि मसल रिलॅक्सन्ट एकत्र असलेली गोळी लिहून दिली. आता हे सासूबाईंना मराठीत कसं सांगायचं म्हणून ताईंनी 'स्नायुशिथिलक' असा शब्द शोधून काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गुंगीचं औषध ना? मग मला नको." तर स्नायुशिथिलक बरोबर आहे का, गुंगीचं औषध म्हणणं चूक का, आणि पेपरात 'अफूजन्य वेदनाशामक' असं छापून येतं ते काय प्रकरण आहे, असं ताई विचारतायत. शेवटी अमली की अंमली हेही जोडलंय.

आधी सासूबाईंची बाजू घेतो. त्यांचा संशय अगदीच हवेतला नाही. या गटातलं टिझानिडीन घेतलं की पेंग येते, तोंड कोरडं पडतं, बीपी उतरतं आणि पटकन उठलं तर गरगरतं. पण पेंग येणं हा त्या गोळीचा त्रास झाला, ते तिचं काम नाही. आपण मराठीत काय करतो, तर चोरट्यानं चहातून दिलेलं काहीतरी, ऑपरेशनची भूल, झोपेची गोळी, कॅन्सरच्या पेशंटला दिलेलं मॉर्फीन, सगळं 'गुंगीचं औषध' या एकाच पोत्यात भरतो. कायद्याचं मराठीही तसंच. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं मराठी नाव 'गुंगीकारक औषधी द्रव्ये...' असं सुरू होतं, आणि त्यात कोकेनसुद्धा आहे, ज्यानं गुंगी सोडा, असलेली झोप उडते. अर्थात दोष आपल्या भाषांतराचा नाही, मुळातला नार्कोटिक हा शब्दच ग्रीकमधल्या बधिरपणावरून आलाय आणि कायदेवाल्यांनी तो वाटेल तसा ताणला.

आता 'स्नायू'. हा शब्द फार फसवा आहे. आपण मराठीत मसलला स्नायू म्हणतो. हिंदीत स्नायु म्हणजे नर्व्ह, आणि मसल म्हणजे मांसपेशी. आपल्याकडे पेशी म्हणजे सेल! सुश्रुतानं शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजलेत, तिथं पेशी म्हणजे मसल आणि स्नायू म्हणजे हाडं-सांधे बांधून ठेवणारे दोर, म्हणजे आजचे लिगामेंट वगैरे. एकच शब्द, तीन ठिकाणी तीन अर्थ, म्हणून हिंदी व्हिडिओ बघून औषधाची माहिती घेणाऱ्यांनी जरा जपून, कारण त्यांचा 'स्नायु रोग' आपला स्नायूंचा आजार नसतो.

बरं, मसल रिलॅक्सन्ट म्हणतात त्या औषधांचेही दोन अगदी वेगळे घोळके आहेत आणि माझ्या मते खरी गोम इथं आहे. एक, सासूबाईंच्या गोळीतली, म्हणजे थायोकोल्चिकोसाइड, टिझानिडीन, क्लोरझोक्साझोन, बॅक्लोफेन अशी मंडळी. यातली बहुतेक स्नायूला हातसुद्धा लावत नाहीत, ती मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करतात, तिथून स्नायूला 'आवळून धर' असा जो निरोप सारखा सुटत असतो तो कमी करतात, मग स्नायू आपोआप सैल पडतो. माणूस चालतो, बोलतो, श्वास घेतो, फार तर डुलक्या काढतो.

दुसरा घोळका भूलतज्ज्ञांच्या ट्रेमधला. व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम, सक्सिनिलकोलीन. ही नस आणि स्नायू जिथं भेटतात तिथला निरोपच अडवतात, त्यामुळे सगळं अंग लुळं पडतं, श्वासाचे स्नायूसुद्धा, म्हणून नळी घालून मशीनवर श्वास द्यावा लागतो. याचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या क्युरारे नावाच्या बाणाच्या विषात. १९४२ मध्ये मॉन्ट्रियलच्या ग्रिफिथ नावाच्या डॉक्टरांनी ते ऑपरेशनच्या वेळी वापरलं. पण यानं शुद्ध जाते का, दुखणं कळतं का, हे तेव्हा नक्की माहीत नव्हतं, मग अमेरिकेत स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञानं स्वतःलाच ते टोचून घेतलं, पूर्ण लुळा पडेपर्यंत. १९४७ साली ते छापून आलं: त्याला सगळं ऐकू येत होतं, सगळं समजत होतं, दुखलेलंही कळत होतं, फक्त बोटसुद्धा हलवता येत नव्हतं. म्हणजे हे औषध ना गुंगीचं ना वेदनाशामक, म्हणूनच भूल आणि दुखणं थांबवणारं औषध वेगळं द्यावं लागतं.

तर ताई, 'स्नायुशिथिलक' हा शब्द या दुसऱ्या घोळक्याला ठेवावा असं माझं मत. घरात म्हाताऱ्या माणसाशी बोलताना असला शब्द वापरला की त्यांना वाटणार आता हातपाय लुळे पडणार. आपल्या बोलीत याला लागणारी सगळी सामग्री आहे की. कंबर धरते, मान आखडते, उसण भरते, पिंढरीला गोळा येतो, पायात वांब येतो, आणि बरं वाटलं की काय म्हणतो? "कंबर मोकळी झाली." मग सरळ 'आखडलेली कंबर मोकळी करणारी गोळी, थोडी पेंग येईल' एवढं म्हणा, एकही संस्कृत शब्द न लावता पूर्ण फार्माकॉलॉजी झाली.

जाता जाता एक गंमत. यातलं थायोकोल्चिकोसाइड ज्या झाडांपासून बनवतात त्यातलं एक म्हणजे आपली कळलावी! पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं दिसतात ती. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरायचे, म्हणून कळ लावणारी ती कळलावी, असं सांगतात. आणि कळ घालवायच्या गोळीचा कच्चा माल तिच्याच बियांत. (कंद जबरदस्त विषारी आहे, कुणी घरी प्रयोग करू नका.)

आता अफू. पेपरातलं 'अफूजन्य' अर्धंच बरोबर आहे. मॉर्फीन, कोडीन ही खरोखर अफूच्या बोंडातल्या चिकातून निघतात, त्यांना अफूजन्य म्हणा, खुशाल म्हणा. पण फेंटानिल, ट्रॅमाडॉल, मेथाडोन कारखान्यात तयार होतात, अफूच्या शेताशी त्यांचा काडीचा संबंध नाही, फक्त मेंदूत आणि मज्जारज्जूत जाऊन बसतात त्याच जागांवर. इंग्रजीत यासाठी ओपिएट (अफूतून निघालेली) आणि ओपिऑइड (ही सगळी मिळून) असे दोन शब्द आहेत. मराठीत मी सगळ्यांना मिळून 'अफूवर्गीय' म्हणतो, नाहीतर मग सरळ ओपिऑइड. अफू शब्दाचा प्रवासही मजेशीर आहे, ग्रीक ओपिऑन म्हणजे चीक, त्याचं अरबी-फारसीत अफ्यून, आणि आपल्या पंडितांनी त्याचं अहिफेन करून टाकलं, म्हणजे सापाचा फेस! नंतर लोकांना वाटलं की संस्कृतातूनच सगळीकडे गेला. अनारशाची खसखस त्याच झाडाची, तिच्यानं कुणाला काही चढत नाही, पण दुबईला जाताना तेवढी बॅगेत टाकू नका, तिकडे बंदी आहे.

अफू म्हटलं की आपल्या डोक्यात व्यसन आणि बाळगोळी, गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला झोपवायला द्यायच्या ती. ही भीती कुठंतरी खोल बसलीय, त्यामुळे कॅन्सरचा पेशंट तळमळत असला तरी घरचे म्हणतात मॉर्फीन नको, सवय लागेल. कायद्याच्या धाकानं दवाखानेही ठेवायचे नाहीत, म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलून मॉर्फीनसारखी मोजकी औषधं मिळणं सोपं केलं. धोका नाही असं नाही, डोस जास्त झाला किंवा जोडीला दारू, झोपेची गोळी असली तर श्वास मंदावतो, त्यावर नॅलोक्सोन हा उतारा आहे. बद्धकोष्ठ मात्र ठरलेलंच, औषध अंगवळणी पडलं तरी ते काही सुटत नाही, म्हणून सोबत जुलाबाचं औषध लिहितात. पण मोजून-मापून दिलेलं मॉर्फीन आणि गर्दुल्ल्याची पुडी यांना एकाच नावानं हाक मारली की नुकसान पेशंटचं होतं, म्हणून मी या शब्दावर एवढा अडून बसतो.

वेदनाशामक की वेदनानाशक? शामक, डोळे मिटून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सुजेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाचं, दुखणं वाढवणारं रसायन तयार होणं कमी करतात. मॉर्फीन घेतलेले पेशंट तर कित्येकदा सांगतात, "दुखतंय, पण आता त्याचं काही वाटत नाही." नाश कुणाचाच झालेला नाही, शमलंय फक्त. 'पेनकिलर'मधल्या किलरपेक्षा आपला शामक जास्त खरं बोलतो. शिवाय वेदना हा शब्द विद् म्हणजे जाणणे या धातूवरून, बौद्ध ग्रंथांत तर सुखाची जाणीवही वेदनाच. म्हणजे जे कळतं ते, आणि ते कळणंच सौम्य करायचं. फक्त नुसतं 'शामक' म्हणू नका, डॉक्टरी मराठीत त्याचा अर्थ गुंगी आणणारं असा होतो आणि सासूबाई परत तिथंच येतील.

अमली-अंमलीचं फार मनावर घेऊ नका, दोन्ही छापतात. मूळ अरबीत अमल, म्हणजे कृती, काम. अनुस्वार आपण चिकटवला. पेशव्यांचा अंमल, कायद्याची अंमलबजावणी आणि दारूचा अंमल तिन्ही त्याच घरचे, त्यामुळे अंमली पदार्थांच्या कायद्याची अंमलबजावणी असं लिहिताना मला दर वेळी हसू येतं.

आणि ताई, एक राहिलं. गोळीत टिझानिडीन असेल आणि सासूबाईंना लघवीच्या इन्फेक्शनसाठी वगैरे सिप्रोफ्लोक्सासिन चालू असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, ही दोन औषधं एकत्र देत नाहीत, बीपी फार खाली जातं.