वडील जाऊन आठ महिने झाले. भाऊ सावरला, मी मात्र अजून तिथेच आहे. माझंच काही चुकतंय का?

चुकत नाहीये. आणि भाऊ सावरलाय हे तुम्ही कशावरून ठरवलंत, तेही एकदा तपासून बघा. मी हीच चूक केली होती.

बाबा गेले आणि आठवड्याभरात माझा धाकटा भाऊ कामावर रुजू झाला. "तुला काहीच वाटत नाही का रे?" असं मी त्याला तोंडावर विचारलं. तो काही बोलला नाही, टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला. पुढचे दोन महिने आमचं बोलणं आईच्या औषधांपुरतंच.

त्या काळात कुणीतरी मला दुःखाच्या पाच टप्प्यांबद्दल सांगितलं: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. झालं, मी स्वतःला त्यात बसवू लागले. राग येऊन गेला, आता पुढचा टप्पा कधी, असा हिशेबच सुरू झाला. नंतर कळलं की मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले, ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचं वेळापत्रक ते नव्हतंच.

मला जास्त पटली ती शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांची १९९९ मधली मांडणी. त्यांच्या मते माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी गेलेल्या माणसापाशी, कधी समोर पडलेल्या कामांपाशी. काही वेळ दुःखाकडे पाठ फिरवणं हा त्या ये-जा करण्याचाच भाग. म्हणजे भाऊ कामाच्या टोकाला दिसत होता तेव्हा मी दुसऱ्या टोकाला होते, इतकंच.

हे वाचून कळलं, पण खरं उमगलं ते एका रात्री. अर्ध्या घरातले दिवे गेले. भावाने मोबाइलच्या उजेडात स्विचबोर्डाची पेटी उघडली. आत प्रत्येक खटक्याखाली पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर बाबांचं अक्षर: 'मागची खोली', 'गीझर', 'जिना'. शेवटच्या पट्टीवर लिहिलं होतं, 'हे बघायचे आहे'. भाऊ तिथेच स्टुलावर बसला. खटका वर करायचा होता, दोन सेकंदांचं काम. आम्ही अर्धा तास अंधारात होतो. तेव्हा त्याने सांगितलं, ऑफिसातून आल्यावर तो रोज दहा मिनिटं खाली गाडीतच बसून राहतो, आईसमोर चेहरा नीट दिसावा म्हणून. आणि मी त्याला दगड समजत होते!

तुमच्याबद्दल एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. रडू येतं, आठवण येते, एखादा दिवस वाया जातो, याला आठ महिने जास्त नाहीत. पण बहुतेक दिवस झोप, जेवण, काम सगळंच ठप्प असेल तर समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला जरूर भेटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे, आणि तिथे निदानासाठी किमान ६ महिन्यांची अट आहे. त्यावर उपचार होतात.

दुःखाने माणूस मोठा होतो वगैरे मला अजूनही पटत नाही. बाबा असते तर लहान राहायला माझी काहीच हरकत नव्हती. फरक पडला तो एवढाच की घराची कागदपत्रं कुठे आहेत ते आता मला माहीत आहे, आणि भावाला यायला उशीर झाला की मी कारण विचारत नाही.

तो शेवटचा खटका कशाचा, ते आम्ही अजून बघितलेलं नाही. भाऊ म्हणतो, इलेक्ट्रिशियनला बोलावू. बोलावू कधीतरी.