कपाट, साडेसात मीटर आणि सोपा नियम

नाशिकच्या इंदिरानगरातल्या वडिलोपार्जित प्लॉटवर किती बांधता येईल, हे विचारता विचारता तुम्ही वैतागून लिहिलंत, की एवढी जाडजूड नियमावली हवीच कशाला, दोन पानांत का बसवत नाहीत? माझी तीस वर्षं मंजुरीचे नकाशे काढण्यात गेली, म्हणून आधी ह्या वैतागाबद्दल बोलतो. पानं कमी झाली की नियम सोपा होतो असं नाही. एकच भिंत दोन साहेबांनी आपापली स्वतंत्र मोजली आणि आकडा तोच आला, तर तो नियम सोपा.

नाशिककरांना हे कपाटाने शिकवलं. जुन्या नियमांत भिंतीबाहेर काढलेलं कपाट एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल त्या हिशोबात, धरत नसत. बाल्कनीलाही सवलत होती, जिन्यासाठी प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, होतं, म्हणजे प्रत्येकाची व्याख्या वेगळी. मग व्हायचं काय, तर नकाशात कपाट आणि खोली यांच्यात एक रेघ असायची आणि जागेवर ती भिंत उठायचीच नाही. दोन फुटांची पट्टी खोलीत गेली की खोली ऐसपैस. एका फ्लॅटमध्ये तपासणीच्या वेळी मी हजर होतो. नकाशातल्या ‘कपाटा’त पोराचा पलंग होता, वर क्रिकेटची पोस्टरं. साहेबांनी टेप लावला, हसले आणि फाइल बाजूला ठेवली. असल्या इमारती शहरभर निघाल्या आणि भोगवटा दाखल्यावाचून, म्हणजे इमारत वापरण्याच्या परवानगीवाचून, वर्षानुवर्षं अडकल्या. लबाडी बिल्डरची खरी, पण ती करायला जागा व्याख्येनेच ठेवली होती.

2 डिसेंबर 2020 ला मंजूर झालेल्या यूडीसीपीआरने, म्हणजे मुंबई आणि मोजके भाग सोडून राज्यभर लागू असलेल्या एकत्रित नियमावलीने, ही गाठ सोडवली. आता मजल्याची बाहेरची रेघ, म्हणजे पी-लाइन, धरायची आणि आतलं सगळं मोजायचं: कपाट, बाल्कनी, जिना, पॅसेज. सवलती गेल्या, त्याबदल्यात निवासी बांधकामाला पैसे भरून 60 टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी, म्हणजे पूरक, एफएसआय मिळतो. पुस्तक जाडच आहे, पण निदान ह्या एका बाबतीत वाद घालायला काही उरलं नाही. सुटसुटीत करणं मी ह्याला म्हणतो.

आता तुमचा प्लॉट. 180 चौरस मीटर, समोर साडेसात मीटरचा कॉलनी रोड. गावठाणाबाहेर 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर फक्त मूळ 1.10 एफएसआय मिळतो, प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. म्हणजे 198, त्यावर अ‍ॅन्सिलरी धरून 316.8 चौरस मीटर. हाच प्लॉट 9 मीटरच्या रस्त्यावर असता तर प्रीमियम 0.50, टीडीआर 0.40, एकूण 2.00, अ‍ॅन्सिलरीसकट 576. (मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, आणि पार्किंग सोडल्यावर तेवढं प्रत्यक्षात बसेलच असं नाही, पण सौद्याची घाई असलेले एजंट हे सांगत नाहीत.) दीड मीटरच्या फरकाने जवळपास दुप्पट. आणि ते साडेसातचे रस्ते कोणी चोरून केलेले नाहीत, त्या काळी रीतसर मंजूर झालेल्या लेआउटमधलेच आहेत. नियम सोपा आहे, पण शहर त्याच्या आधीच बांधून झालेलं आहे. माझं खरं भांडण इथे आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्तारेषा आखून दोन्ही बाजूंनी पाऊण पाऊण मीटर घेऊन असे रस्ते 9 मीटर करता येतात, आणि कपाटाच्या भानगडीतूनही शेवटी तोच रस्ता शोधला गेला. पण प्रत्यक्षात त्यासाठी अख्खी गल्ली राजी व्हावी लागते, आणि गल्ली कशी राजी होते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जुन्या नाशकातल्या वाड्यांचं गणित निराळं, तिथे मार्जिन मागाल तर वाड्याचा बोळच उरेल. आणि गोदाकाठच्या बांधकामावर बंधन घालणाऱ्या निळ्या-लाल पूररेषा ‘सोपं करा’ म्हणून कोणी पुसायला निघालं तर मी पहिला विरोध करीन. 2008 चा पूर पाहिलेला माणूस आहे मी.

परवानगीची फार धास्ती घेऊ नका. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला आर्किटेक्टचा दाखला आणि शुल्क भरल्याची पावती पुरते. तुम्ही 150 ते 300 मध्ये येता, ठरावीक उंचीच्या घरासाठी कागद पुरे असतील तर 10 दिवसांची मुदत आहे. म्हणून आधी मोजणीची क प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा), झोन दाखला आणि मंजूर लेआउटची प्रत हातात घ्या. रस्त्याची रुंदी लेआउटवर बघा, मग टेप घेऊन जागेवर मोजा. कागदावर साडेसात आणि टेपवर सात आली तर कोणाचं कंपाउंड पुढे सरकलंय ते बघा. आमच्या गल्लीत ते माझंच निघालं होतं.