उन्हाळी संशोधनाला जाण्याआधी वंशावळ शीक

भारतीय विज्ञान अकादमीच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपची तयारी दिवाळीपासूनच कर, मे उजाडेपर्यंत थांबू नकोस. पण जनुकं आणि मुलांचं अपंगत्व हाच विषय घ्यायचा असेल, तर आधी तीन पिढ्यांची वंशावळ काढायला शीक. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. आपल्या सोलापुरात मामा-भाचीची लग्नं होतात, त्यामुळे ही रेघ लागतेच. ‘नात्यात केलंत का?’ असं मुलाच्या आईवडिलांना तोंडावर विचारू नकोस गं. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील, तर दोन शब्द त्यांच्या भाषेत बोल. माझ्या पहिल्याच मुलाखतीत एक आई पदराचं टोक पिळत म्हणाली, ‘माझंच काही चुकलं का?’ मी फॉर्म भरत राहिले. अजून सलतं. तू पेन खाली ठेव, ‘नाही हो, तुमचा दोष नाही’ म्हण, मग पुढचा प्रश्न.