मराठी येत असेल तर कोकणी वेगळी शिकावी लागते का?

नाशिकहून नोकरीसाठी गोव्यात फोंड्याला चाललोय, मराठी येतेच, मग कोकणी आपोआप कळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची साताऱ्याची, अकरा वर्षं फोंड्यात राहते. तुमचं काही अडणार नाही, मराठी तिथे बहुतेकांना समजते. तरीही कोकणी शिकाच. आणि शिकताना अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांपासून सावध राहा.

अनोळखी शब्द सरळ असतात. मासे म्हणजे नुस्तें, कुत्रा म्हणजे सुणें, उद्या म्हणजे फाल्यां. कानाला नवं लागलं की आपण विचारतो आणि ते लक्षात राहतं. खिडकीला जनेल, खुर्चीला कदेल हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्दही तसेच. पगार, चावी, बटाटा आपणही त्यांच्याकडूनच घेतलेत की!

गफलत होते ती ओळखीच्या शब्दांत. पहिल्याच आठवड्यात दुकानदाराने विचारलं, "तुका कितें जाय?" इथे 'जाय' म्हणजे हवं. शिंपी म्हणाला, "फाल्यां जातलें." म्हणजे ब्लाउज उद्या कुठे जाणार नव्हता, शिवून होणार होता! 'जावप' म्हणजे होणं; आपल्या जाण्याला 'वचप' म्हणतात. एका दुपारी घरमालकीणबाई आदोळीवर नारळ खवता खवता म्हणाल्या, "म्हाका दिसता, पावस येतलो." त्या बसल्या होत्या तिथून आभाळाचा तुकडासुद्धा दिसत नव्हता. 'म्हाका दिसता' म्हणजे मला वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. कुणी "पळय" म्हणालं तर धावायचं नाही, बघायचं. आणि "उदक हाड" यातल्या 'हाड'चा अर्थ आण.

मला सगळ्यात आवडतो तो 'शीत'. गोव्यात ताटात वाढतात ते शीत, आणि शेतात पिकतं ते भात. आपल्याकडे शीत एका दाण्यापुरतं उरलं, तेही शितावरून भाताची परीक्षा करताना. उदकाचंही तेच. आपण ते फक्त हक्कावर सोडतो, तिथे ते रोज तांब्यात असतं. 'झालं'ला तिथे 'जालें' म्हणतात, आणि तुकोबांच्या अभंगांतही 'जालें'च आहे. आपल्या घरात माळ्यावर गेलेली किती भांडी त्या घरात अजून रोजच्या वापरात आहेत!

म्हणून कळकळीने सांगते, कोकणीला मराठीची बोली म्हणू नका. साहित्य अकादमीने तिला 1975 मध्ये स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, 1992 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्यासाठी लोक फार झगडलेत, ते वाक्य त्यांच्या मनाला लागतं.

सिंधुदुर्गातलं कुणी ओळखीचं असेल तर निघण्याआधी त्यांच्याशी मालवणीत बोलून बघा. 'खंय' (कुठे), 'चेडू' (मुलगी) असे कोकणीतलेही शब्द तिथेच कानावर पडतील. आणि फोंड्यात पोचल्यावर पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांना सांगा, "म्हाका कोंकणी शिकूंक जाय."