लेखकाने निर्माता व्हायचे तर

प्रश्न : मालिकांचे भाग लिहिले आहेत. आता स्वतःच्या पटकथेची निर्मितीही करायची आहे. आधी काय शिकू?

उत्तर : आधी स्वतःचीच पटकथा निर्मात्याच्या नजरेने फोडायला शिका. ठरलेल्या मांडणीत लिहिलेले एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट. प्रत्येक पानाचे ८ भाग कल्पून दृश्य मोजतात. अर्धे पान म्हणजे ४/८. मग दृश्यागणिक पात्रे, जागा, दिवस की रात्र, वाहने, गर्दी, खास सामान यांची नोंद करा. एकाच जागेची दृश्ये एकत्र आणली की चित्रीकरणाचे दिवस दिसू लागतात. चित्रपटाची दिवसाला ३-४ पाने होतात, मालिकेची बरीच जास्त.

इथे लेखक हमखास फसतो तो एका ओळीत. ‘जमाव चाल करून येतो’ हे लिहायला क्षणभर लागतो. चित्रित करायला अख्खी रात्र जाऊ शकते. अशी ओळ खोडण्याआधी विचारा, तोच परिणाम बंद दाराआडच्या आवाजाने साधेल का? पुष्कळदा दृश्य त्याने अधिक भेदक होते, आणि लेखक-निर्मात्याचे खरे बळ हेच.

अंदाजपत्रकात अनपेक्षित खर्चासाठी सुमारे १० टक्के ठेवाच.

कथा कादंबरीवर बेतलेली असेल तर हक्कांचा लेखी करार पहिला मसुदा लिहिण्याआधी करा. मुदत आणि मुदतवाढीची अट त्यात हवी. सहलेखकाशीही लेखीच ठरवा. हक्कांची साखळी, म्हणजे मूळ लेखकापासून निर्मात्यापर्यंत हक्क कसे आले याची कागदपत्रे, कुठे तुटलेली असेल, तर तयार चित्रपटही वितरक घेत नाहीत.