एवढा खर्च करून गेलो आणि भांडून आलो

शाळांच्या सुट्ट्या संपल्या की पुढच्या काही आठवड्यांत माझ्याकडे समुपदेशनासाठी एक ठरावीक काळजी घेऊन लोक येतात. शब्द वेगवेगळे, सूर तोच. "मॅडम, इतक्या लांब गेलो, इतके पैसे घातले, आणि तिथे जाऊन काय केलं तर भांडलो. फोटोत सगळे हसतायत. आमच्यात मुळातच काही बिघडलंय का?" हे विचारताना बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो. दुःखाच्या प्रसंगात रडलं तर लोक समजून घेतात. निळ्या समुद्राकाठी, नारळीच्या सावलीत बसून रडू आलं, हे सांगायचं कुणाला? ऐकणारा म्हणणार, "तुला दुखतंय तरी काय?"

ज्या कुटुंबाबद्दल लिहिते आहे, त्याची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि एक-दोन इतर कुटुंबांचे धागे त्यात मिसळलेत. नवरा-बायको, पंधरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची आई. उष्ण कटिबंधातल्या एका छोट्या बेटावर सहा दिवसांची सुट्टी. खर्च आटोक्यात राहावा म्हणून पाच जणांना मिळून एक मोठी खोली. परत आल्यावर तीन आठवडे दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होते.

चौथ्या दिवशीच्या भांडणापासून त्यांनी सुरुवात केली. त्या दिवशी वारा वाढला आणि प्रवाळ बघायला जाणारी बोट रद्द झाली. नवरा बुकिंगच्या टेबलाशी बराच वेळ हुज्जत घालत उभा राहिला, मग भर दुपारी सगळ्यांना गाडीत कोंबून बेटाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला. "पैसे भरलेत, झोपायला नाही आलोय." मुलीची पाठ उन्हाने भाजली. सासूबाई गाडीतच बसून राहिल्या. रात्री बायको म्हणाली, "उद्या मी कुठेही येणार नाही." नवरा म्हणाला, "सगळं मी ठरवायचं, आणि शेवटी वाईटही मीच." मुलाने हेडफोन लावले. पुढचे दोन दिवस दोघं मुलांमार्फत बोलत होते.

दोघांनाही माझ्याकडून निकाल हवा होता. त्याऐवजी मी कागदावर बेटावरच्या एका दिवसाचं घड्याळ काढलं आणि कोण कुठे होतं ते दोघांनाच भरायला सांगितलं. सकाळी साडेसातला बाहेर, कारण त्या बाजूला दुपारनंतर वारा वाढतो आणि बोटी सकाळीच निघतात. अकराला परत, कारण तिथलं माथ्यावरचं ऊन मुलीला आणि आजींना सोसेना. अकरा ते तीन खोलीत. तीन ते सहा किनाऱ्यावर. सहाच्या सुमारास सूर्यास्त. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस साधारण बारा तासांचाच असतो, आणि सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरत असल्याने संधिप्रकाश फार टिकत नाही. साडेसहाला अंधार. छोट्या बेटावर रात्री जायला ठिकाण नाही. सात ते अकरा पुन्हा खोलीत.

बेरीज नवऱ्यानेच केली. जागेपणीच्या रोजच्या पंधरा-सोळा तासांतले आठ तास पाच माणसं एका खोलीत, एका बाथरूमला धरून होती. जाहिरातीत समुद्र दिसतो, खोली दिसत नाही. बेटावरची सुट्टी ही पुष्कळ अंशी खोलीतली सुट्टी असते, हे निघण्याआधी कुणी सांगत नाही.

मग तेच घड्याळ घरच्या दिवसाचं काढलं. कामाच्या दिवशी सगळे एकत्र आणि जागे असतात असा वेळ किती? जेमतेम अडीच तास. शनिवार-रविवारी पाच-पाच. म्हणजे आठवड्याला साडेबावीस तास. बेटावर रोजचे चौदा धरले तरी सहा दिवसांत चौऱ्याऐंशी. जवळपास पावणेचार आठवड्यांचा सहवास त्यांनी सहा दिवसांत उरकला होता. वर दमट हवा, जिथे घाम वाळत नाही आणि माणूस उगीचच चिडचिडा होतो. वर नवी जागा, अपुरी झोप. घरात शांतता असते ती काही अंशी भिंतींमुळे, ऑफिसमुळे, शाळेच्या बसमुळे असते. ते सगळं काढून घेतलं की कुटुंब बिघडत नाही, फक्त एरवी ज्या अंतरावर ते नीट चालतं ते अंतर नाहीसं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. घरीही एखाद्याच्या आवाजाने पोटात गोळा येत असेल, हात उगारला जात असेल, आठवडेच्या आठवडे अबोला नेहमीचाच असेल, पैशांचा हिशेब एकाच्याच मुठीत असेल, तर सुट्टीतलं भांडण त्या जुन्या दुखण्याचंच रूप असतं आणि त्याचा विचार वेगळा करावा लागतो. हे मी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं होतं. या घरात तसं नव्हतं. पण प्रत्येक वेळी विचारते, आणि हे वाचणाऱ्यांनीही स्वतःला विचारावं.

दुसऱ्या भेटीत दोघांना एकेक चिठ्ठी दिली. सहा दिवसांत सगळ्यात बरं कधी वाटलं, ती वेळ लिहायची. एकमेकांना दाखवायची नाही, माझ्याकडे द्यायची. नवऱ्याने पटकन लिहिलं. बायकोने पेन हातात धरून बराच वेळ घालवला. नंतर दोघांची परवानगी घेऊन मी चिठ्ठ्या वाचल्या. नवऱ्याची: "पहाटे साडेपाच, किनाऱ्यावर, एकटा." बायकोची: "परतीच्या विमानात, सगळे झोपले होते तेव्हा."

बायकोला रडू कोसळलं. "म्हणजे मला माझी माणसंच नकोशी झालीत का?"

नवरा मात्र चिठ्ठीकडेच बघत होता. "मग मी सकाळी फिरून आलो की तू का चिडायचीस?"

"कारण तू जाऊ शकत होतास. मी उठले असते तर सगळे उठले असते."

माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचा गाभा या वाक्यात होता. बोट आणि ऊन ही निमित्तं. एकांत दोघांनाही हवा होता. त्याला तो न विचारता मिळत होता आणि तिला तो विमानात, सीटचा पट्टा बांधलेल्या अवस्थेत मिळाला. त्यातून दोघांच्याही मनात अपराधी भाव, की सहकुटुंब आलोय आणि मला एकटं असताना बरं वाटतंय. मग तो भाव झाकायला जास्त उत्साह, जास्त कार्यक्रम, जास्त फोटो.

बायकोला मी सांगितलं की दिवसभर चार जणांची तहान, टोप्या, औषधं, ओले कपडे आणि रुसवे सांभाळणाऱ्या माणसाला त्या माणसांपासून तासभर दूर जावंसं वाटणं ही थकव्याची खूण आहे, प्रेम आटल्याची नाही. तिला ते लगेच पटलं असं नाही. "पण चांगल्या आईला असं वाटतं का?" हा प्रश्न ती पुढेही विचारत राहिली. चांगल्या आयाच हा प्रश्न विचारतात, असं गुळगुळीत उत्तर मला देता आलं असतं. दिलं नाही, कारण तिला दिलासा नको होता, वेळ हवा होता.

नवरा आकड्यांचा माणूस. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलले. हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या अमेरिकन अभ्यासकांनी 1985 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कल्पना करायला सांगितलं की तुम्ही बर्फावर घसरायला जायच्या दोन सहली चुकून एकाच शनिवार-रविवारची काढल्यात. एक 100 डॉलरची, दुसरी 50 ची. 50 डॉलरच्या सहलीत तुम्हाला जास्त मजा येईल असं वाटतंय. पैसे कुठलेच परत मिळणार नाहीत. कुठे जाल? निम्म्याहून जास्त लोकांनी 100 डॉलरची सहल निवडली. म्हणजे कमी मजेची, पण जास्त पैसे घातलेली. नवरा हसला. "मी पण तेच केलं असतं." मग थोडं थांबून, "मी तेच केलं." पैसे वसूल करायच्या नादात गेलेले पैसे तर परत येत नाहीतच, हातातला दिवसही जातो.

दुसरा आकडा त्याला जास्त लागला. 2010 मध्ये नेदरलँड्समधला, दीड हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते. परत आल्यावर मात्र दोन्ही गटांत बहुतेक फरक उरला नाही. अपवाद फक्त त्यांचा, ज्यांनी सुट्टीत भरपूर आराम झाला असं सांगितलं, आणि त्यांचाही फायदा काही आठवड्यांत ओसरला. तो म्हणाला, "मी तर आरामाला वेळच ठेवला नव्हता. फुकट जाईल म्हणून."

त्याची बाजूही सांगायला हवी. पहिले दोन दिवस त्याचं डोकं दुखत होतं आणि त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. कामाचा ताण सुटला की आजारी पडणारी माणसं असतात. ॲड फिंगरहुट्स या डच मानसशास्त्रज्ञाने या प्रकारावर काम केलंय. डोकेदुखी, थकवा, अंगदुखी, आणि ग्रासलेल्यांत कामाचं ओझं डोक्यातून न उतरणारी माणसं बरीच. हा गृहस्थ निघायच्या आदल्या रात्री दीडपर्यंत कामाचे मेल पाठवत होता. अशा माणसाला पहिल्या दिवशी समुद्राने बरं वाटावं ही अपेक्षाच जास्त आहे. पहिला दिवस रिकामा ठेवा, काहीही बुक करू नका, हे मी आता सगळ्यांनाच सांगते.

मुलगा एकदाच आला, तोही "मला काही प्रॉब्लेम नाहीये" हे सांगायला. बाबांच्या मते अर्धी सहल त्याने नासवली होती, कारण तो सकाळी उठायचा नाही. वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागतं. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला साडेसहाला उठवणं म्हणजे बाबांना पहाटे चारला उठवण्यासारखं आहे, हे मी नंतर बाबांना सांगितलं. मुलालाही तोच चिठ्ठीचा प्रश्न विचारला. त्याने लिहिलं, "मास्क लावून पाण्यात. खाली कुणी बोलत नाही." आईवडिलांनी ते वाचलं तेव्हा दोघं तीन आठवड्यांत पहिल्यांदा एकत्र हसले. तिघांनी तीन वाटांनी एकच गोष्ट शोधली होती.

पुढच्या भेटींमध्ये आम्ही पुढची सुट्टी मांडायला घेतली. एकदम कोरड्या पद्धतीने, कारण अशा वेळी भावनांपेक्षा वेळापत्रक जास्त उपयोगी पडतं. प्रत्येक मोठ्या माणसाला रोज दोन तास स्वतःचे, कारण न सांगता. आणि ते दोन तास तिचे असतील तेव्हा दोन्ही मुलं त्याच्याकडे. "गरज लागली तर हाक मारतो" हे चालणार नाही. दिवसाला एकच कार्यक्रम सगळ्यांनी मिळून, आणि तो सकाळचाच हवा असं नाही. बोट रद्द झाली तर तो दिवस मोकळा. बदली कार्यक्रम शोधायचा नाही. सहा रात्रींऐवजी चार झाल्या तरी चालेल, पण खोल्या दोन. शेवटच्या मुद्द्यावर नवऱ्याने बरीच घासाघीस केली. मी त्याला फक्त आठ तासांचा आकडा दाखवला.

सामानाच्या यादीवर मात्र ते अडले. काय घ्यायचं, कुणाचं औषध संपत आलंय, मुलीच्या चपला लहान झाल्यात का, हे सगळं तिच्या डोक्यात. तो म्हणाला, "मला यादी दे, मी सगळं करतो." ती म्हणाली, "यादी करणं हेच तर काम आहे." यावर तोडगा निघालेला नाही. त्याने मुलीचं सगळं सामान स्वतः ठरवून, न विचारता भरायचं असं ठरलंय. काहीतरी विसरेल. ते विसरणं तिला पाहावं लागेल, आणि तिच्यासाठी हेच सगळ्यात अवघड आहे.

सासूबाईंना मी भेटले नाही. त्यांना काय हवं होतं, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून घरी जाऊन विचारा असं सांगितलं होतं. पुढच्या वेळी बायको सांगत आली. आई म्हणाल्या, "मला पाण्याची पहिल्यापासून भीती वाटते. तुमचा उत्साह मोडायला नको म्हणून हो म्हटलं." मग लाजत विचारलं, पुढच्या वेळी मी बहिणीकडे राहिले तर चालेल का? नवरा आधी दुखावला. आईला सोडून समुद्रावर जायचं कसं, लोक काय म्हणतील, हे सगळं झालं. मग आईनेच त्याला सांगितलं की बहिणीशी तिचं बोलणं आधीच झालंय आणि दिवसही ठरलेत.